गावातल्या बायकांच्या चळवळीला पैसा द्यायचाय? मग तो असा द्या

मे महिन्यात नाहीतर गणपतीत मुंबईवरून लोक गावाला आले की कोणी ना कोणी विचारतंच, "ताई, गावच्या महिलांसाठी काहीतरी करायचंय, किती खर्च येईल?" विचारणारा मनापासून विचारत असतो, पैसेही असतात, आणि तरी शेवटी होतं काय तर दहा शिलाई मशीन येतात, हळदीकुंकवाला वाटप होतं, फोटो ग्रुपवर पडतात आणि विषय संपतो. मशीनला माझा विरोध नाही. पण जिला नवरा रात्री घराबाहेर काढतो, जिचं नाव भाऊबंद सातबाऱ्यावर चढू देत नाहीत, जिच्या घराला गावकीने वाळीत टाकलंय, अशा बाईच्या बाजूने उभ्या राहणाऱ्या चार बाया जवळजवळ प्रत्येक तालुक्यात आहेत आणि त्यांच्याकडे गाडीभाड्याचे पैसे नसतात. त्या चार बायांपर्यंत पैसा नीट कसा पोचवायचा, एवढ्यासाठीच हे लिहितेय. मी रत्नागिरी जिल्ह्यात अशा गटांसोबत काम करते, त्यांचे हिशोबही बघते, त्यामुळे सगळं इथल्याच अनुभवातून आहे.

पायरी १: आधी ठरवा, मदत द्यायचीय की चळवळीला बळ द्यायचंय

दोन्ही कामं चांगली आहेत पण ती वेगळी आहेत. पापड-लोणच्याचं ट्रेनिंग, शेळ्या, मशीन, बचत गटाला भांडवल ही मदत झाली, आणि तिच्यासाठी सरकारकडे पण यंत्रणा आहे, महिला आर्थिक विकास महामंडळ तर १९७५ पासून आहे, बचत गटांसाठीचं उमेद अभियान आहे. चळवळ म्हणजे बायका एकत्र येऊन सत्तेला प्रश्न विचारतात ते. घरातल्या, वाडीतल्या, गावकीतल्या, कारखान्यातल्या, सरकारी ऑफिसातल्या. त्याला कोणी योजना काढत नाही आणि काढणारही नाही, कारण त्या कामाने कोणाचं ना कोणाचं काहीतरी दुखावतं.

आणि बदल मात्र तिथूनच आलेत. मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यात बलात्कार झाला, त्यातल्या पोलिसांना सोडणाऱ्या निकालाविरुद्ध १९८० साली देशभर बायका रस्त्यावर उतरल्या म्हणून १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. आपल्या चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई १८ एप्रिल १९६६ ला सात मुस्लिम बायकांना घेऊन मुंबईत विधिमंडळावर गेले, तोंडी तलाक बंद करा म्हणून. सात जणी फक्त! सुप्रीम कोर्टाचा निकाल यायला २०१७ उजाडलं. म्हणजे एकावन्न वर्षं. असल्या कामाला तीन महिन्यांत रिझल्ट मागणाऱ्याने पैसे देऊ नयेत, खरंच, त्याने मशीनच द्यावीत, त्यात दोघांचंही भलं आहे.

देणगीचाही आपल्याकडे जुना इतिहास आहे. महर्षी कर्वे दापोलीजवळच्या मुरूडचे. विधवा बायकांच्या आश्रमासाठी ते वर्षानुवर्षं वर्गणी मागत फिरले, आणि महिला विद्यापीठ सुरू झाल्यावर १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी १५ लाख रुपये दिले, त्यांच्या आईच्या नावाने ते एसएनडीटी झालं. सगळ्यांना हे १५ लाख आठवतात, पण ते यायच्या आधीची वीसेक वर्षं आश्रम जगला तो लोकांच्या लहान-लहान रकमांवर. मला तुमच्याकडून त्या लहान रकमा हव्यात, दरवर्षी न चुकता येणाऱ्या.

पायरी २: गट शोधा, आणि बोर्ड बघून शोधू नका

असल्या गटांना बऱ्याचदा ऑफिस नसतं, वेबसाइट नसते, कधीकधी नावही नसतं. मग शोधायचं कसं? गावात, शेजारच्या गावात, तालुक्याला, आशाताईला, अंगणवाडी सेविकेला, एसटी स्टँडवर मच्छी घेऊन बसणाऱ्या काकीला, कोर्टाच्या आवारातल्या टायपिस्टला एकच प्रश्न विचारा: "रात्री घरात मारहाण झाली तर इथली बाई कोणाला फोन करते?" वेगवेगळ्या तोंडून एकच नाव पुन्हा पुन्हा आलं की समजा सापडलं. जिल्ह्याच्या महिला व बालविकास ऑफिसातले, घरगुती हिंसाचाराच्या केसेस बघणारे संरक्षण अधिकारी, विधी सेवा प्राधिकरणाचे वकील यांनाही विचारा, केसेस घेऊन येणाऱ्या बायका त्यांना तोंडपाठ असतात.

कुठे कुठे बघाल? हर्णै बंदरावर लिलावाला येणाऱ्या आणि सुकी मच्छी करणाऱ्या बायका, वेंगुर्ला-सावंतवाडीकडे काजू फॅक्टरीत सोलणाऱ्या बायका, ज्यांच्या हाताची कातडी बीच्या चिकाने काळी पडून सोलवटते, रायगडात वीटभट्टी-कोळसाभट्टीवर जाणाऱ्या कातकरी बाया, राजापूरकडे जमीन आणि सडा, म्हणजे कातळाचं पठार, वाचवायला बसलेल्या बायका, बारसूला एप्रिल २०२३ मध्ये रिफायनरीसाठीच्या माती परीक्षणाच्या वेळी ऐन उन्हात सड्यावर पुढे कोण होतं ते सगळ्या महाराष्ट्राने टीव्हीवर बघितलंय. ह्या सगळ्या स्वतःला स्त्रीवादी म्हणतीलच असं नाही. त्याने काही बिघडत नाही.

आणि एक फार महत्त्वाचं, कोकणात वाडी म्हणजे बहुतेक ठिकाणी जात असते. तुम्ही तुमच्या वाडीतल्याच ओळखीने गेलात तर तुम्हाला तुमच्याच वाडीच्या बायका भेटणार आणि तुमचा पैसा तिथेच राहणार. म्हणून विचारा की मिटिंग कुठल्या वाडीत होते, बौद्धवाडीतल्या किती जणी येतात, मोहल्ल्यातल्या येतात का, कातकरी वाडीवर कोणी जातं का, त्या येतात तेव्हा बसतात कुठे, बोलतं कोण, चहाचा कप सगळ्यांना सारखाच मिळतो का. हो, कप सुद्धा बघा. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला १९२७ पासून किती वर्षं झाली ते मोजा आणि मग त्या मिटिंगमध्ये नीट डोळे उघडे ठेवून बसा. एकल बायका, तृतीयपंथी, अपंग मुली यांना जागा आहे का तेही विचारा. सगळं असणारा गट मिळणार नाही, पण ज्यांना याबद्दल विचारलेलं आवडतं आणि जे त्यावर खरं उत्तर देतात तो गट चांगला.

पायरी ३: जा, बसा, ऐका

जायची वेळ त्यांना विचारून ठरवा. जुलैमध्ये लावणी चालू असताना भातशेतीतल्या बाईला मिटिंगला बोलवू नका, एप्रिल-मेमध्ये आंबा-काजूची घाई असते. उलट मच्छीवाल्या बायकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदीच्या काळात वेळ असतो, पण तेव्हाच हातात पैसा नसतो, म्हणजे मिटिंगला बोलावलंत तर जाण्यायेण्याचा खर्च तुम्ही द्यायचा आणि जेवणही.

सोबत अध्यक्ष, सरपंच, पोलीस पाटील यांना घेऊन जाऊ नका. त्यांच्यासमोर कोणी काही बोलणार नाही. विचारायचं काय तर, गेल्या वर्षभरात काय काय केलंत, कशात अडकलात, कोणी त्रास दिला, पैसे आले तर कशाला वापराल, आणि कसले पैसे नको आहेत. हा शेवटचा प्रश्न जरूर विचारा. सिंधुदुर्गात एका काकीने मला सरळ सांगितलं होतं, "पैशे देतास ता बरा आसा, पण आधी आमका इचारा." तेव्हापासून मी कुठल्याही देणगीदाराला तेच पहिलं सांगते.

न विचारायचं: "एखादी केस सांगा ना." बाईच्या दुःखाचे तपशील ऐकून मग पैसे द्यायचे की नाही ते ठरवणं चूक आहे. ते टाळाच.

पायरी ४: पैसा कुठल्या वाटेने जाणार ते ठरवा

हा भाग जरा कंटाळवाणा आहे पण इथेच सगळी गडबड होते म्हणून नीट वाचा.

गट रजिस्टर असेल तर सोपं. महाराष्ट्रात संस्था बहुतेक वेळा १८६० च्या सोसायटी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेली असते, नंबर मागा, धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात खात्री करा, मागच्या दोन-तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट मागा. इथे एक गोष्ट सांगते. विश्वस्त बदलले की त्याचा चेंज रिपोर्ट टाकावा लागतो आणि गावाकडच्या कितीतरी चांगल्या संस्थांचे ते रिपोर्ट वर्षानुवर्षं पेंडिंग असतात, वकिलाची फी परवडत नाही म्हणून. तेवढ्यावरून संस्था वाईट ठरवू नका, ते काम मार्गी लावायला पैसे द्या, हीसुद्धा देणगीच आहे, आणि त्यावर त्यांचं पुढचं सगळं अडलेलं असतं.

संस्थेकडे ८०जी ही आयकर खात्याची मान्यता असेल तर तुम्हाला टॅक्समध्ये सूट मिळते, साधारणपणे रकमेच्या ५० टक्के आणि त्यालाही वरची मर्यादा आहे, पण ती जुन्या टॅक्स पद्धतीत, नव्या पद्धतीत रिटर्न भरत असाल तर नाही. २००० रुपयांच्या वर कॅश दिलीत तर त्यावरही सूट नाही, म्हणून बँकेतूनच द्या. पण मी मनापासून सांगते, फक्त ८०जी आहे म्हणून गट निवडू नका. ज्यांना सगळ्यात जास्त गरज आहे त्यांच्याकडे ते बहुतेक वेळा नसतंच.

गट रजिस्टर नसेल तर दोन वाटा आहेत. एक म्हणजे तालुक्यातली किंवा जिल्ह्यातली एखादी विश्वासातली नोंदणीकृत संस्था पालक म्हणून घ्यायची, पैसा त्यांच्या खात्यात येतो आणि गटाच्या नावाने वेगळा हिशोब ठेवतात. असं करताना तिघांच्या सहीचं एक पानाचं पत्र करा, त्यात लिहा की खर्च कशावर करायचा ते गट ठरवणार, पालक संस्था हिशोब ठेवणार, आणि त्या कामाचे पालक संस्थेने किती घ्यायचे, ते फुकट करायला लावू नका. दुसरी वाट म्हणजे गटाचं स्वतःचं बँक खातं, दोघी-तिघींच्या सहीने चालणारं.

कधीही करू नका ते हे: एका ताईच्या पर्सनल खात्यावर किंवा तिच्या जीपेवर सगळे पैसे टाकणं. नात्याबाहेरून एका माणसाला वर्षात एकूण ५०,००० च्या वर भेट गेली तर तिच्या नावावर टॅक्सचा विषय येतो, आणि त्याहून वाईट म्हणजे गावात दुसऱ्याच दिवशी सुरू होतं की हिला पैसे मिळतात म्हणून ही आमच्या घरात भांडणं लावते. ते बोलणं एकदा चिकटलं की वर्षानुवर्षं जात नाही.

आता परदेशातले पैसे. आपल्याकडे खेड, मंडणगड, श्रीवर्धन, म्हसळा इकडची कितीतरी मुलं आखातात आहेत, त्यांना वाटतं आपण बाहेरून पाठवलं तर एफसीआरए, म्हणजे विदेशी देणगीचा कायदा, लागतो. पासपोर्ट भारतीय असेल आणि स्वतःच्या कमाईतून, नेहमीच्या बँकेच्या मार्गाने पाठवलं तर ते विदेशी देणगीत धरत नाहीत. पण तोच भाऊ ब्रिटनचा किंवा दक्षिण आफ्रिकेचा नागरिक झाला असेल, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते ओसीआय कार्ड असलं तरी, तर ती विदेशी देणगी होते आणि एफसीआरए नोंदणी नसलेल्या संस्थेने ती घेणं गुन्हा आहे. म्हणून देणाऱ्याचा पासपोर्ट विचारा, लाजू नका. २०२० च्या दुरुस्तीनंतर तर एफसीआरए असलेल्या मोठ्या संस्थेलाही ते पैसे पुढे दुसऱ्या संस्थेला देता येत नाहीत, आणि ऑफिसखर्चाची मर्यादाही ५० वरून २० टक्क्यांवर आलीये. ॲम्स्टरडॅमची मामा कॅश १९८३ पासून, अमेरिकेतला ग्लोबल फंड फॉर विमेन १९८७ पासून जगभर बायकांच्या गटांना पैसा देतात, पण मंडणगडच्या एखाद्या विनानोंदणी गटाला त्याचा रुपया घेता येत नाही. म्हणूनच इथला पैसा, आपला पैसा, आता आधीपेक्षा जास्त मोलाचा झालाय.

पायरी ५: मुंबईच्या मंडळाला कामाला लावा

आपल्याकडे प्रत्येक गावाचं, कधी वाडीचं सुद्धा, मुंबईत ग्रामस्थ मंडळ असतं. पावती पुस्तक आहे, खजिनदार आहे, वर्षाची मिटिंग होते, देवळाचा जीर्णोद्धार, सभामंडप, स्मशानशेड सगळं ह्याच वर्गणीतून उभं राहिलंय. एवढी तयार व्यवस्था असताना बायकांच्या कामासाठी तीत एक ओळ नसावी हे मला फार लागतं. गावात वर्षभर राहतात त्या बायकाच ना, पुरुष तर कित्येक घरांतून मुंबईला.

करायचं एवढंच. १०० घरांनी महिन्याला १०० रुपये दिले तर वर्षाला १,२०,००० होतात, आणि तेवढ्यात एका तालुक्याच्या गटाचं वर्षभराचं फिरणं निघतं. मंडळ रजिस्टर असेल तर आधी घटनेतले उद्देश बघा, सामाजिक-शैक्षणिक असं लिहिलेलं असेल तर बहुतेक वेळा अडचण येत नाही, नसेल तर सभेत ठराव करून दुरुस्तीचं बघा. मंडळ रजिस्टर नसेल आणि लोकांकडून वर्गणी गोळा करणार असाल तर धर्मादाय आयुक्तांची कलम ४१क खाली परवानगी लागते, तीच, जी गणपती मंडळं घेतात.

ठराव करताना एक अट घाला की ह्या पैशाचा निर्णय तीन-चार बायकांची समिती घेईल आणि त्यात गावात राहणाऱ्या बायका जास्त असतील. नाहीतर पैसा परत सभामंडपाच्या लाद्यांकडे वळतो.

पायरी ६: कशाला द्यायचं

हा माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठा मुद्दा. लोकांना दिसणाऱ्या गोष्टीला द्यायला आवडतं, आणि हे काम तर न दिसणाऱ्या गोष्टींवर चालतं.

एका तारखेचा दिवस बघा. केळशीकडच्या एखाद्या वाडीतली बाई, घरगुती हिंसाचाराची केस दापोली कोर्टात. सकाळच्या एसटीने निघायचं, सोबत गटातली एक ताई कारण एकटीला नवऱ्याची माणसं आवारात गाठतात. पिशवीत रेशनकार्ड, लग्नाची पत्रिका, फोटो, दवाखान्याचे कागद, सगळं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं. कडेवर पोर. पुकारा व्हायला दुपार होते, साहेब रजेवर असतात किंवा समोरचा वकील येत नाही, पुढची तारीख मिळते. तोवर परतीची गाडी गेलेली असते, मग वडाप, नाहीतर रिक्षा स्पेशल. कायद्यात लिहिलंय की अर्ज पहिल्या सुनावणीपासून ६० दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न करावा, पण प्रत्यक्षात ह्या केसेस वर्षानुवर्षं चालतात.

आता खर्च मांडा. वकील फुकट मिळू शकतो, १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हे कितीतरी जणींना माहीतच नसतं. एसटीला मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. मग पैसा जातो कुठे? दोघींची बुडलेली मजुरी, समजा ३५० धरली तरी ७०० झाले, झेरॉक्स, पोराला दूध-वडापाव, परतीची रिक्षा. एका तारखेला हजार-बाराशे सहज जातात, आणि निकाल येईपर्यंत अशा तारखा किती पडतील ते कोणीच सांगू शकत नाही. बाई केस सोडते ती बहुतेक वेळा ह्याच हजार-बाराशेसाठी, हे मी परत परत बघितलंय.

म्हणून द्यायचं ते ह्याला:

- फिरणं, मजुरीची भरपाई, मोबाइल रिचार्ज, झेरॉक्स, मिटिंगचं जेवण.
- कार्यकर्तीचं मानधन. ताई समाजसेवा करते म्हणजे फुकट करते असं धरून चालू नका, तिलाही गॅस सिलिंडर लागतो. दर महिन्याला ठरलेल्या तारखेला मिळणारं थोडं मानधन हे वर्षातून एकदा शाल-श्रीफळ देण्यापेक्षा कितीतरी चांगलं.
- तातडीचा निधी. रात्री बाई मुलांसकट बाहेर पडली तर राहायला, डॉक्टरला, माहेरी पोचायला. ह्याचा नियम साधा ठेवा: दोघींनी फोनवर ठरवलं की त्याच रात्री पैसे द्यायचे, कागद नंतर.
- बसायला जागा. एक खोली भाड्याने, ग्रामपंचायतीच्या किंवा कोणाच्या पडवीवर अवलंबून नसलेली. जिथे सरपंचाविरुद्ध पण बोलता येईल.
- शिकणं. माहितीचा अधिकार, सातबारा-फेरफार वाचणं, ग्रामसभा. सातबाऱ्याचं तर कोकणात फारच महत्त्व, महाराष्ट्राने १९९४ लाच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क दिला, देशभर २००५ ला आला, पण आपल्याकडे अजून रक्षाबंधनाला साडी देऊन हक्कसोडपत्रावर सही घेतात. तलाठ्याकडे चार खेपा घालायचा खर्च कोणी देत नाही.
- दारूबंदीच्या मतदानासारखी कामं. उभी बाटली-आडवी बाटलीची मागणी करायलाच किमान २५ टक्के महिला मतदारांच्या सह्या लागतात, वाड्या इतक्या दूरदूर की नुसत्या सह्या जमवायलाच दिवसच्या दिवस जातात.
- आणि कार्यकर्तींचा आराम. दुसऱ्यांची भांडणं अंगावर घेऊन ह्या बायका आजारी पडतात, झोप लागत नाही. वर्षातून दोन दिवस सगळ्याजणींना कुठेतरी नुसतं बसायला, बोलायला पाठवा, त्याचा रिपोर्ट मागू नका.

यातला प्रत्येक खर्च "ॲडमिन" म्हणून कापायची सवय देणाऱ्यांना असते. कृपा करून कापू नका, चळवळ म्हणजे हाच खर्च.

पायरी ७: किती आणि किती वर्षं

एकदम मोठी रक्कम नको. वर्षाला वीस हजारात काम करणाऱ्या गटावर पाच लाख टाकलेत तर गट मोडतो, कोणाला मानधन, कोणाला नाही, यावरून जिवलग मैत्रिणी बोलेनाशा होतात. त्यांच्या आत्ताच्या खर्चाच्या दीडपट-दुप्पट पासून सुरू करा, कमीत कमी तीन वर्षांचा शब्द द्या, आणि दरवर्षीची रक्कम ठरलेल्या महिन्यात द्या. कशावर खर्च करायचा ते त्यांच्यावर सोडा. ज्या कामासाठी दिले त्यापेक्षा वेगळंच संकट येतं नेहमी. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला आलं, वर्ष होतंय न होतंय तोवर तौक्ते, मग जुलै २०२१ ला चिपळूणचा पूर. अशा वेळी पंचनामा घरमालकाच्या नावाने होतो, आणि घरपट्टी सासऱ्याच्या किंवा दिराच्या नावावर असलेल्या विधवेला, टाकलेल्या बाईला काही मिळत नाही. भांडी-चादरींचे ट्रक येतात पण तिचं नाव यादीत घालायला तहसीलदारापुढे कोण उभं राहणार? ते ह्याच गटातल्या बाया करतात, आणि त्यासाठी हातात मोकळा पैसा असावा लागतो.

पायरी ८: हिशोब आणि रिपोर्ट

हिशोब हवाच, त्यात भीड नको. पण तो साधा ठेवा. एक रोजकीर्द, व्हाउचर, वर्षातून दोनदा बसून बघायचं, शक्यतो गटाच्या सगळ्या बायकांसमोर, त्यांच्याच मिटिंगमध्ये वाचून दाखवायचा. देणगीदारापेक्षा त्यांना तो आधी कळला पाहिजे. रिपोर्ट लेखी हवा असेल तर दोन पानं मराठीत पुरेत, नाहीतर फोनवर तासभर बोला आणि तुम्हीच लिहून घ्या.

फोटोचं मात्र कडक सांगते. पीडित बाईचा फोटो, नाव, गाव, "खेड तालुक्यातील एक शिक्षिका" असं वर्णन सुद्धा नको, छोट्या गावात तेवढ्यावरून ओळख पटते. लैंगिक अत्याचाराच्या केसमध्ये ओळख उघड करणं तर गुन्हाच आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली. तुमच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपलाही ते लागू होतं.

आणि आकडे कसले मागायचे? "किती महिलांना सक्षम केलं" हा प्रश्न सोडून द्या. विचारा की महिला ग्रामसभा झाली का, कायद्याने ती ग्रामसभेच्या आधी व्हायला हवी, तिथले ठराव पुढे मांडले गेले का, किती जणींची नावं सातबाऱ्यावर चढली, पोलीस स्टेशनला तक्रार घेतात का आता, काजू फॅक्टरीत लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती बसली का, जिथे दहापेक्षा कमी कामगार आहेत तिथल्या बायकांना जिल्ह्याची स्थानिक समिती माहीत आहे का. कधी वर्षभर काहीच हलत नाही. तेही लिहून घ्या.

पायरी ९: भांडण होणार हे धरून चाला

गट नीट काम करत असेल तर एक दिवस तुमच्या मंडळाला गावातून फोन येणारच, "तुमच्या पैशावर ह्या बायका आमची घरं फोडतायत." कधी आरोपी मंडळाच्या अध्यक्षाचा भाऊ निघतो. हे व्हायच्या आधीच ठरवून लिहून ठेवा की केसमध्ये आम्ही पडणार नाही, कोणाच्या सांगण्यावरून पैसे थांबवणार नाही, आणि ज्याचं नातं त्या प्रकरणाशी आहे तो त्या मिटिंगमधून बाहेर बसेल. ऐन वेळेला हे ठरवता येत नाही, सगळे नात्यातले असतात.

वाळीत टाकण्याचं तर आपल्याकडे, रायगडात विशेष, अजून चालतं. पाणी बंद, दुकान बंद, मयताला कोणी येत नाही. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा केला, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. पण केस टाकणारी बाई त्याच गावात राहते. तेव्हा तिच्यासाठी, आणि तिच्या बाजूने बोलणाऱ्या कार्यकर्तीसाठी, तातडीच्या निधीतला वेगळा हिस्सा ठेवा. विधवा प्रथेविरुद्ध ठराव करतानाही असंच, मे २०२२ मध्ये कोल्हापूरच्या हेरवाडने ठराव केला, सरकारने बाकी गावांनाही सांगितलं, पण ठराव झाल्यावर पहिल्या हळदीकुंकवाला जी विधवा पुढे येते तिला टोमणे झेलावे लागतात, तिच्या शेजारी बसायला चार जणी हव्यात.

कंपनीचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठीचा पैसा, घ्यावा का, हे खूप जण विचारतात. ५०० कोटी नेटवर्थ, १००० कोटी उलाढाल किंवा ५ कोटी नफा यातलं काहीही एक असलेल्या कंपनीला सरासरी नफ्याच्या २ टक्के सीएसआरवर खर्च करावे लागतात, स्त्री-पुरुष समानता त्या यादीत आहे, आणि लोटे, महाड, रोहा इकडे कंपन्या खूप. वसतिगृह, शौचालय, आरोग्य तपासणी यासाठी जरूर घ्या. पण ज्या कंपनीच्या पाण्याविरुद्ध, धुराविरुद्ध, जमिनीविरुद्ध त्याच गावातल्या बायका भांडतायत तिचा पैसा गटाने घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. घेतला की खाडीत मासे मेले तरी तोंड उघडता येत नाही.

पायरी १०: थांबताना

कधीतरी तुम्ही थांबणार, मंडळाची माणसं बदलतील, नोकऱ्या जातील. थांबायच्या किमान एक वर्ष आधी लेखी कळवा. शेवटच्या वर्षी रक्कम कमी करू नका, उलट त्यातली थोडी बाजूला ठेवून तातडीचा निधी भरून द्या. तुमच्या ओळखीचे दोन-तीन देणारे गटाला प्रत्यक्ष भेटवा, नुसते नंबर फॉरवर्ड करू नका. ज्या बायकांच्या केसेस अजून चालू आहेत त्यांच्या राहिलेल्या तारखांचा खर्च मोजून आधी वेगळा काढा, आणि तो शेवटची केस संपेपर्यंत त्याच खात्यात राहील असं पत्रात लिहून सही करून द्या.